वांझ नव्हती ती अंडी: सोलापुरातल्या एका गच्चीवरच्या फॅन्सी कोंबड्यांचं प्रकरण

फॅन्सी कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक वाक्य फार सहज बोललं जातं: "अंडी वांझ निघाली." त्यानंतर कोंबडा बदलला जातो, मशीन बदललं जातं, कधी कोंबड्याच विकून टाकल्या जातात. वांझ म्हणून फेकलेलं अंडं फोडून मात्र कुणी बघत नाही. खालचं प्रकरण सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एका घरचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं काढली आहेत, दोन-चार तपशील बदलले आहेत. घरातल्या बाईंना गल्लीत सगळे 'अक्का' म्हणतात, इथंही तेच म्हणू. दुसरा माणूस म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. तो दिवसा कारखान्यात कामाला असतो आणि संध्याकाळी गच्चीवर.

पार्श्वभूमी

घर दोन मजली. खाली आरसीसीच्या दोन खोल्या आणि वर गच्चीवर पत्र्याची खोली. त्या खोलीत पूर्वी सामान असायचं, आता कोंबड्यांचे पिंजरे आणि अंडी उबवायचा थर्माकोलचा डबा. डबा मुलानंच बनवलेला: बल्ब, छोटा पंखा, डिजिटल थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. बाजारच्या मशीनपेक्षा असा डबा वाईट असतो असं मुळीच नाही. नीट बनवला तर तो चांगलं काम करतो आणि हा नीट बनवलेला होता.

कोंबड्या दोन जातींच्या. पहिली सिल्की: केसांसारखी मऊ पिसं, काळी कातडी, काळी हाडं आणि पायाला चाराऐवजी पाच बोटं. काळ्या कातडीमुळे आपल्याकडे बरेच जण तिला कडकनाथची बहीण समजतात. काळेपणाचं मूळ दोघींत एकच असलं, तरी जाती अगदी वेगळ्या. पिसाचे तंतू एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे सिल्कीत नसतात, म्हणून पीस सपाट न होता कापसासारखं फुलतं. दुसरी जात जपानी बँटम, म्हणजे ठेंगणी कोंबडी: ताठ उभी शेपटी, जमिनीला टेकणारे पंख आणि इतके आखूड पाय की चालताना कोंबडी सरपटतेय असं वाटावं. गिऱ्हाईक त्या पायांसाठीच येतं.

जपानीचा एक कोंबडा आणि चार कोंबड्या, सिल्कीचा एक कोंबडा आणि पाच कोंबड्या. याहून जास्त कोंबडे ठेवता येत नव्हते, कारण पहाटे चारला आरवणं सुरू झालं की शेजारचे बोलायचे. पहिल्याच वर्षी त्यावरून तणतण झाली आणि 'दोनच कोंबडे' यावर मिटली. पुढच्या प्रत्येक निर्णयाला ही अट आडवी आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जपानीच्या चार कोंबड्यांपैकी तीन त्याच कोंबड्याच्या मुली होत्या. चारही आखूड पायांच्या. दर खेपेला काही पिल्लं लांब पायांची निघायची. ती 'बिघडलेली' समजून स्वस्तात द्यायची, नाहीतर मोठी करून रस्सा करायचा, असा घरचा शिरस्ता.

अडचण

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी मार्चपासून पिल्लं कमी होत गेली. एप्रिलच्या खेपेत तर डबाभर अंड्यांतून बोटांवर मोजण्याइतकीच बाहेर आली. शाळांना सुट्ट्या लागल्या की मुलांसाठी पिल्लं मागायला लोक येतात, म्हणजे ऐन हंगामात माल नाही.

सातव्या दिवशी मुलगा अंधारात टॉर्चवर अंडी धरून बघायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर अंडं डब्यात परत, नाहीतर बाजूला. बाजूला काढलेली सगळी 'वांझ' धरून कचऱ्यात जायची. दर खेपेला जपानीची अशी अंडी बरीच निघत. त्यावरून घरात एकमत झालं.

"कोंबडा म्हातारा झालाय ओ," अक्का म्हणाल्या, "दुसरं काय असणार?"

मुलानं ओळखीतून हैदराबादच्या बाजूचा एक तरुण जपानी कोंबडा मागवला. आखूड पायांचा, पांढरा, काळ्या शेपटीचा, दिसायला देखणा. जुना कोंबडा एका मित्राकडे ठेवला. नव्याला आणला त्याच संध्याकाळी कोंबड्यांत सोडलं. आठवड्याच्या आत एकीचा डोळा सुजला, नाकातून घाण वासाचं पाणी, मग दुसरीला, मग सिल्कींना. पशुवैद्यकांनी कोंबड्यांची सर्दी म्हणजे कोरायझा असल्याचं सांगून औषध दिलं. पक्षी वाचले, पण तीन आठवडे अंडी जवळजवळ बंद झाली. बाहेरून आणलेला पक्षी किमान तीन-चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवायचा, हे मुलाला माहीत होतं. वेगळी जागाच नव्हती, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, जिन्याखाली जागा होती. पण सुट्टीचा हंगाम निघून चालला होता आणि घाईला कारण सापडतंच.

नव्या कोंबड्याच्या पहिल्या खेपेतही 'वांझ' अंडी तेवढीच निघाली. तेव्हा मला बोलावणं आलं. पुढची खेप डब्यात लागून सहा दिवस झाले होते: जपानीची २० आणि सिल्कीची १६ अंडी.

अंडी फोडल्यावर दिसलेलं

मी गेलो तेव्हा एवढीच अट घातली की या खेपेतलं एकही अंडं न फोडता टाकायचं नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं जात आणि तारीख लिहायची. मार्कर नको, अंड्याच्या कवचाला छिद्रं असतात, शाई आत उतरते.

सातव्या दिवशी टॉर्चवर जपानीची आठ आणि सिल्कीची सात अंडी 'वांझ' ठरली. ती एकेक करून बशीत फोडली. खरं वांझ अंडं फोडलं तर आतला बलक साधा, खायच्या अंड्यासारखा असतो. फळलेलं आणि नंतर मेलेलं असेल तर बलकावर रक्ताचं बारीक कडं दिसतं, कधी मधोमध काळा ठिपका. टॉर्चवर, त्यातून कवच थोडं गडद असेल तर, दोन्ही सारखीच भासतात.

जपानीच्या आठांपैकी खरी वांझ दोनच. सहा अंड्यांत रक्ताचं कडं. सिल्कीत उलटं: सातांपैकी पाच खरी वांझ, दोनांत कडं.

कोंबड्यावरचा आळ इथंच पुसला गेला. जपानी कोंबडा २० पैकी १८ अंडी फळवत होता. जुनाही बहुधा तसाच असणार, पण त्याच्या वेळची अंडी कचऱ्यात गेल्यामुळे ते सांगायला पुरावा उरला नाही. सिल्कीचा कोंबडा मात्र खरोखरच कमी पडत होता.

राहिलेली २१ अंडी डब्यात चालू राहिली. शेवटी जपानीची ५ आणि सिल्कीची ४ पिल्लं निघाली. न फुटलेली १२ अंडी परसात, तोंडाला फडकं बांधून फोडली. कुजलेलं अंडं फटाक्यासारखं फुटू शकतं, त्यामुळे हे काम घरात करू नये. काही पिल्लं पिसं फुटता फुटताच मेलेली, म्हणजे मधल्या दिवसांत. काही पूर्ण वाढलेली, चोच हवेच्या पोकळीपर्यंत पोचलेली, पण अंगावर पडदा सुकून चिकटलेला. जी जिवंत निघाली त्यांतल्या दोघांची बेंबी नीट मिटलेली नव्हती. बेंबी उघडी राहणं हे बहुतेकदा जास्त उष्णतेचं लक्षण.

म्हणजे अंडी तीन वेगवेगळ्या वेळी वाया जात होती: फळण्याआधी, पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या दहा दिवसांत. घरात मात्र तिन्हींना एकच नाव होतं.

तीन वेळा, तीन कारणं

शेवटच्या दिवसांतलं मरण दोन्ही जातींत सारखंच, निम्म्याहून जास्त. म्हणजे कारण दोघींना समाईक असलेलं: डबा किंवा खोली.

मुलगा थर्मोस्टॅट दाखवून म्हणाला, "साडेसदतीस दाखवालाय की काका, बघा." तो खरं बोलत होता. पण तो बघायचा सकाळी आठला आणि रात्री. अक्कांना सांगितलं, दुपारी तीनला वर जाऊन आकडा बघा. आठव्या दिवशी त्या गेल्या तेव्हा बल्ब बंद होता आणि आकडा ४०.४. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, डबा गार करू शकत नाही. सोलापुरात मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहूनही वर. खोलीच डब्यापेक्षा गरम असेल तर थर्मोस्टॅटनं काय करावं? त्यात दुपारी लाईट गेली की पंखाही थांबतो. शिवाय दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यातलं पिल्लू स्वतःही उष्णता सोडायला लागतं. अंडं थोडा वेळ गार पडलं तर पिल्लू बहुतेकदा फक्त उशिरा निघतं. दोन-तीन अंश वर गेलं तर मरतं. हा फरक खूप जणांना उलटा वाटतो आणि लाईट गेल्यावर डब्याला चादरी गुंडाळल्या जातात. मेमध्ये सोलापुरात तर नकोच.

पडदा सुकण्याचं कारण कोरडी हवा. उबवणीत अंड्याचं वजन अठराव्या दिवसापर्यंत साधारण १२ ते १३ टक्के कमी व्हायला हवं. उन्हाळ्यात इथली दुपारची हवा इतकी सुकी की एका वाटीभर पाण्यानं भागत नाही.

सिल्कीचं वांझपण सोपं होतं. त्यांच्या मागच्या भागाची पिसं इतकी दाट असतात की जोडा लागूनही बीज आत पोचत नाही. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर आला की कोंबड्याला धड दिसतही नाही. भर उन्हाळ्यात नरांचा जोरही कमी होतो.

खरा गुंता होता तो जपानीच्या रक्ताच्या कड्यांचा.

जपानी बँटमचे आखूड पाय एका जनुकामुळे येतात. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात. आखूड पायांची एक प्रत मिळाली तर पाय आखूड. एकही नाही मिळाली तर पाय लांब, बाकी पक्षी ठणठणीत. दोन्ही प्रती आखूड मिळाल्या तर पिल्लू अंड्यातच मरतं, बहुतेक पहिल्या आठवड्यात. अशा आखूड पायांच्या 'क्रीपर' कोंबड्यांवर अमेरिकेत लँडॉअर आणि डन यांनी १९३० च्या सुमारास काम केलं, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्राला माहीत आहे. जगात चालतेबोलते जितके आखूड पायांचे जपानी आहेत, त्या सगळ्यांच्या अंगात एक प्रत आखूड आणि एक प्रत लांब पायांची असते. 'शुद्ध आखूड' जोडी म्हणून जी मोठ्या किमतीला विकली जाते ती त्या अर्थानं शुद्ध असूच शकत नाही.

आखूड कोंबडा आणि आखूड कोंबडी लावली तर फळलेल्या १०० अंड्यांमागे साधारण २५ मरणार, ५० आखूड, २५ लांब. आखूड कोंबडा आणि लांब पायांची कोंबडी लावली तर मरणार कुणीच नाही. ५० आखूड, ५० लांब. मी हे कागदावर मांडलं तेव्हा मुलगा बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. आखूड पिल्लं दोन्हीकडे ५०च. आखूड-आखूड लावून हाती काही जास्त येत नव्हतं, २५ अंडी मात्र जात होती.

अक्का एवढंच म्हणाल्या, "म्हणजे रस्सा केला त्या पोरीच कामाच्या होत्या की."

पण सहाच्या सहा कडी जनुकाची म्हणून मोकळं होता येत नव्हतं. सिल्कीत हे जनुक नाही आणि तिथंही दोन कडी होतीच. उरलेलं कारण स्वयंपाकघरात सापडलं. अंडी फडताळावर, गॅसच्या शेजारी, दहा-बारा दिवस साठवली जात. अंडं साठवायला १५ ते १८ अंश बरे. पंचवीसच्या आसपास गेलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो, पुरती ऊब मिळत नाही आणि दमून मरतो. मेमध्ये त्या फडताळावर ३५ च्या वरच असणार. म्हणजे जपानीची काही अंडी जनुकानं गेली, काही फडताळानं. कुठलं अंडं कशानं, ते सांगता येत नाही. आणि ३६ अंडी म्हणजे काही मोठा नमुना नव्हे. सिल्की शेजारी नसत्या तर एवढंही कळलं नसतं.

पर्याय

मुलाच्या मनात पहिला पर्याय होता मोठं ऑटोमॅटिक मशीन घेण्याचा. अंडी आपोआप फिरतात, आर्द्रता दिसते. पण तेही मशीन त्याच पत्र्याखाली ठेवलं जाणार. घरगुती मशीनमध्येही गरम करायची सोय असते, गार करायची नसते. मी स्पष्ट नको म्हटलं.

दुसरा, पत्र्याची खोली गार करणं. पत्र्यावर पाणी मारणं किंवा बारीक तुषार उडवणारे फॉगर लावणं पोल्ट्रीवाले करतात. तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात अक्कांनी हा विषय बोलूच दिला नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं.

तिसरा, एप्रिल मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत उबवणी पूर्ण बंद. माझं मत याच बाजूला होतं. मुलाचं म्हणणं, सुट्टीतलंच तर गिऱ्हाईक. शेवटी तडजोड निघाली ती सिल्कीतून: उन्हाळ्यात मशीन बंद, पण जी सिल्की खुडूक बसेल तिच्याखाली थोडी अंडी ठेवायची, खालच्या मजल्यावर. खुडूक बसण्यात सिल्कीचा हात कुणी धरत नाही. रिकाम्या जागेवरही बसते.

चौथा प्रश्न जपानीची जोडी बदलण्याचा. 'दोनच कोंबडे' या अटीमुळे लांब पायांचा कोंबडा आणून आखूड कोंबड्यांना लावणं शक्य नव्हतं, शिवाय आखूड कोंबडाच तर दाखवायला असतो. म्हणून कोंबडा तोच ठेवून कोंबड्या लांब पायांच्या आणायच्या ठरल्या.

काय केलं

चौदाव्या दिवशी डबा खालच्या आतल्या खोलीत आणला. आठव्या दिवशी ४०.४ आकडा दिसला, तरी मधले सहा दिवस 'जिन्यावरून नेताना अंडी हलतील' या वादात गेले. हलण्यानं काहींचं नुकसान झालं असतं, पण उष्णतेनं त्याहून जास्त झालं असणार. मधल्या दिवसांत मेलेली पिल्लं याच सहा दिवसांतली असावीत.

लांब पायांच्या कोंबड्या शोधणं हा वेगळाच कार्यक्रम झाला. त्यांच्याच घरची एक, दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मावशींना फुकट दिलेली, परत मागावी लागली. मावशींनी ती फुकट परत दिली नाही, पैसे घेऊन दिली. बाकी दोन पंढरपूरकडच्या एका हौशी माणसाकडून आल्या. या वेळी जिन्याखाली जाळी लावून नव्या पक्ष्यांना महिनाभर वेगळं ठेवलं, त्यांचं दाणापाणी सगळ्यात शेवटी केलं. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरची लासोटा लस तीन घरांनी मिळून आणली, कारण बाटली शेकड्यांच्या डोसची असते आणि एकदा कालवली की थोड्याच वेळात वापरावी लागते. दहा-बारा कोंबड्यांसाठी कुणी एकटं आणत नाही आणि मग मानमोडी आली की पिंजरा रिकामा होतो.

सिल्कींची मागच्या भागाची पिसं कात्रीनं कापली, कोंबड्याच्या डोळ्यांवरचा झुपकाही. प्रदर्शनाला नेणारे लोक यावर नाक मुरडतील. पण गच्चीवरची सिल्की कुठल्या प्रदर्शनाला निघाली होती?

अंडी साठवायला जुना माठ काढला. ओल्या वाळूच्या घमेल्यात माठ, माठात तळाला कोरडा कोंडा, त्यावर अंडी, तोंडावर सुती फडकं. सोलापूरची कोरडी हवा पिल्लांच्या पडद्याला वाईट, पण माठाला फार चांगली. पाणी भराभर उडतं आणि आत गार राहतं. १५ अंशांपर्यंत काही उतरत नाही, फडताळापेक्षा मात्र कितीतरी बरं. फ्रिजचा विचार मुलानं केला होता, पण तिथली थंडी फळलेल्या अंड्याला जास्त होते. शिवाय सहा दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवायला ठेवायचं नाही, ते ऑम्लेटला.

ओलाव्यासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा आणला. पाच अंड्यांचं वजन आठवड्याला घ्यायचं. जास्त उतरलं तर डब्यात पसरट भांड्यात पाणी वाढवायचं, कमी उतरलं तर भांडं काढायचं. शेवटचे तीन दिवस ओलावा भरपूर ठेवायचा आणि झाकण उघडायचं नाही. हे शेवटचं मुलाला सगळ्यात जड गेलं.

मेअखेर एक सिल्की जिन्याखाली सहा अंड्यांवर बसली. चार पिल्लं निघाली. त्यातलं एक तिच्याच लोकरी पिसांचा धागा मानेला गुंडाळून मेलं. सिल्कीखाली पिल्लं वाढवताना ही भीती असतेच, म्हणून छातीवरची लांब पिसं आधीच कापायला हवीत.

निकाल

ऑगस्ट-सप्टेंबरात डबा पुन्हा सुरू झाला. दोन खेपा मिळून जपानीची २२ अंडी ठेवली: २ वांझ, १ कडं, ३ शेवटी मेली, १६ पिल्लं. त्यात आखूड पायांची ७, लांब पायांची ९. सिल्कीची २० अंडी: २ वांझ, १ कडं, ४ शेवटी मेली, १३ पिल्लं.

मेमधल्या ३६ अंड्यांतून ९ आणि आता ४२ मधून २९. पण याचं श्रेय वाटून देता येणार नाही. जोडी बदलली, जागा बदलली, साठवण बदलली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ऋतू बदलला. सोलापुरात सप्टेंबरात चांगला पाऊस असतो, हवा आपोआप ओली. पंढरपूरच्या दोन कोंबड्यांनी नवं रक्तही आणलं. बाप-मुलीच्या जोड्या मात्र नवा कोंबडा आल्यापासूनच थांबल्या होत्या. जपानीत १८ फळलेल्या अंड्यांमागे ६ कडी होती, ती २० मागे १ वर आली. जोडी बदलल्याचा परिणाम म्हणून मी एवढ्याकडेच बोट दाखवीन आणि तेही माठाला थोडा वाटा देऊन.

विक्रीचं गणित मात्र घरच्यांना वाटलं होतं तसं सुटलं नाही. नऊ लांब पायांच्या पिल्लांत पाच नर निघाले. नरांना गिऱ्हाईक नाही, ठेवायला परवानगी नाही. तीन खाटकाकडे गेले, दोन खेड्यातल्या नातेवाइकांकडे. मादी पिल्लं मुलगा 'आखूड कोंबड्याची जोडीदार' म्हणून विकायला लागला. हे तो गिऱ्हाइकाला कागदावर मांडून सांगतो. काही जणांना पटतं. एक जण पैसे परत मागायला आला, कारण त्याच्या मते लांब पायांची जपानी म्हणजे गावठी.

वेगळं काय करता आलं असतं

कोंबडा विकत घ्यायच्या आधी पाच मिनिटं काढून अंडी फोडली असती तर कोंबड्याचा खर्च, कोरायझा आणि तीन आठवड्यांची अंडी वाचली असती. घरातल्या सगळ्यात खर्चिक निर्णयाला पुरावा सगळ्यात कमी होता.

एकाच वेळी सगळं बदललं याबद्दल माझ्याशी काही हौशी लोकांनी वाद घातला. एका खेपेला एकच गोष्ट बदलली असती तर कारण नक्की कळलं असतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण घर चालवणाऱ्या माणसाला वर्षभर निम्मी पिल्लं मारून पुरावा गोळा करायला सांगणं मला जमलं नसतं. निदान जपानीच्या दोन आखूड कोंबड्या वेगळ्या ठेवून त्यांची अंडी त्याच खेपेत, त्याच डब्यात लावता आली असती. मग ऋतू आणि डबा दोन्हीकडे सारखे राहिले असते आणि फक्त जोडीचा फरक दिसला असता. त्यासाठी एक जादा पिंजरा आणि कोंबड्याची दिवसाआड अदलाबदल, एवढंच लागलं असतं.

मेमधली सिल्कीची तडजोडही मी पुन्हा करणार नाही. जिन्याखाली दुपारी सिल्की चोच उघडी टाकून धापा टाकत होती, दोनदा अंडी सोडून उठली. चार पिल्लांसाठी खुडूक कोंबडीला तेवढं तापवणं परवडत नाही. सुट्टीचं गिऱ्हाईक हवं असेल तर अंडी जानेवारी-फेब्रुवारीत लावून एप्रिलमध्ये दोन महिन्यांची, लस झालेली पिल्लं विकावीत. त्यांना दाणा जास्त लागतो, पण किंमतही जास्त येते आणि पोरांच्या हाताळण्यात ती एका दिवसाच्या पिल्लासारखी मरत नाहीत. मुलानं या जानेवारीत तसंच करायचं ठरवलंय. अक्कांची अट एकच: लांब पायांचे नर निघाले तर त्यांचं काय करायचं, ते अंडी डब्यात ठेवायच्या आधी सांगायचं.